वितळलेल्या बर्फाचं वजन वाढलं कसं?

ताई, माझी मुलगी सहावीत आहे. आम्ही लालबागला राहतो. विज्ञानाच्या बाईंनी घरी प्रयोग करायला सांगितला होता, की बर्फ वितळताना कोणते गुणधर्म बदलतात आणि कोणते तसेच राहतात ते बघून या. पुस्तकात म्हटलंय, वितळताना वस्तुमान बदलत नाही. आम्ही स्टीलच्या वाडग्यात बर्फ घेऊन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. वाडग्यासकट २८२ ग्रॅम भरला. सगळा वितळला तेव्हा काटा २८८ दाखवत होता. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा वजन वाढलंच. बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर धरला, तर तो २ अंशांवर जो अडकला तो हलेचना. काटाही बिघडलाय आणि थर्मामीटरही, असं लेकीने जाहीर करून टाकलं. हे म्हणतात, कशाला वेळ घालवताय, पुस्तकातलं लिही आणि मोकळी हो. ती २८८ खोडून २८२ लिहायला निघाली होती, मी हात धरला. पण पुढे काय सांगायचं ते मलाच कळत नाही, माझं शिक्षण कॉमर्सचं. वहीत तिने काय लिहावं?
– एक आई, लालबाग

सप्रेम नमस्कार.

२८८ लिहू द्या. हात धरलात हे फार चांगलं केलंत. सहावीतल्या मुलीने एकदा का पुस्तकाशी जुळावं म्हणून आपल्या डोळ्यांनी पाहिलेला आकडा खोडला, की पुढची सगळी वर्षं ती प्रयोगाच्या वहीत आधी उत्तर लिहील आणि मग त्याला शोभतील असे आकडे भरील. असं करणारी पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत, हुशार मुलं, आणि दर वेळी वाईट वाटतं.

तुमचा काटा ठीक दिसतो. तरी खात्रीसाठी त्याच्यावर आधी एखादी वस्तू ठेवा, तासाभराने तीच पुन्हा ठेवा. आकडा तोच आला तर काट्यावरचा संशय सोडून द्या. पुस्तकातलं वाक्यही बरोबर आहे. मग सहा ग्रॅम आले कुठून? ते हवेतून आले.

वाडग्याला बाहेरून हात लावून पाहिलात का? तो ओला असणार. थेंब ओघळून वाडग्याच्या बुडाशी, काट्याच्या ताटलीवर साचले असतील, आणि काटा बिचारा तेही प्रामाणिकपणे मोजत होता. मुंबईच्या हवेत, त्यातून पावसाळ्याच्या दिवसांत, पाण्याची वाफ इतकी असते की थंडगार भांडं दिसलं की ती त्याच्यावर पाणी होऊन बसते. थंड सरबताच्या ग्लासला घाम फुटतो तो हाच. हाच प्रयोग कोरड्या हवेच्या गावी केला असता, तर काटा फारसा हललाच नसता आणि तुम्ही हे पत्रही लिहिलं नसतं. पुस्तकातलं वाक्य वाडग्यात जे आहे त्याच्याबद्दल बोलतं. तुमचा काटा मात्र वाडगा, आतला बर्फ आणि बाहेरचे थेंब या सगळ्यांबद्दल बोलत होता.

हे मी सांगितलं म्हणून मुलीने मानू नये. तिला तपासायला लावा. बिटाच्या पाण्याचा लालभडक बर्फ करा आणि तो वाडग्यात ठेवा. बाहेरचे थेंब पांढऱ्या फडक्याने टिपा. फडक्यावर लाल डाग पडला, तर पाणी आतून पाझरलं. डाग नाही पडला, तर ते बाहेरून आलं. पुष्कळ मुलांना, आणि मोठ्यांनाही, मनातून वाटत असतं की थंड पाणी भांड्यातून झिरपतं. नुसतं ‘नाही गं, ती हवेतली वाफ’ असं सांगून ते जात नाही. कोरं फडकं बघितलं की जातं.

मग वजनाचा प्रयोग नव्याने करा. या वेळी घट्ट झाकणाचा डबा घ्या. उघड्या वाडग्यात बर्फाच्या पृष्ठभागावरही हवेतली वाफ जमत असते, आणि ते पाणी पुसून काढता येत नाही. एक कोरडा नॅपकिन आधीच वजन करून ठेवा. बर्फ भरलेला डबा नीट पुसून लगेच मोजा. मग सगळा बर्फ वितळेपर्यंत झाकण उघडायचं नाही, हे महत्त्वाचं आहे. मुलं दर दोन मिनिटांनी उघडून बघतात, त्यापेक्षा पारदर्शक डबा घेतलेला बरा. वितळल्यावर डबा आणि काट्याची ताटली दोन्ही त्याच नॅपकिनने पुसा, डबा मोजा, आणि मग ओला नॅपकिन मोजा. डब्याचं वजन पहिल्याइतकंच येईल, फार तर ग्रॅमभर इकडेतिकडे, कारण घरातला काटा त्याहून बारीक दाखवत नाही. आणि नॅपकिन किती जड झाला ते तिचं तिलाच दिसेल. वस्तुमान तेवढंच राहतं हे वाक्य त्या क्षणी तिचं स्वतःचं होईल.

याच्यातच आणखी एक गोष्ट दडली आहे, ती मला फार आवडते. वाफ पाण्यात बदलते तेव्हा ती उष्णता सोडते, ग्रॅममागे जवळजवळ २५०० ज्यूल. एक ग्रॅम बर्फ वितळायला लागतात ३३४ ज्यूल. म्हणजे भांड्यावर जमलेला प्रत्येक ग्रॅम थेंब आत सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळवू शकतो. तुमच्या त्या सहा ग्रॅमने चाळीसेक ग्रॅम बर्फाचं पाणी केलं असेल! मुंबईत बर्फ इतक्या भराभर का संपतो, याचं बरंचसं उत्तर उकाड्याबरोबर या दमटपणात आहे. सहावीच्या मुलीला ज्यूल समजले नाहीत तरी चालेल, ‘बाहेर एक, आत सात’ एवढं समजतं.

आता थर्मामीटर. तो हलत नव्हता हे वाचून मला खरंच आनंद झाला, कारण तुमच्या मुलीने या सगळ्या विषयातली सर्वात मोठी गोष्ट कोणी न सांगता पाहिली. बर्फ वितळत असताना भोवतालची उष्णता आत येत राहते, पण तापमान चढत नाही. आलेली सगळी उष्णता घट्ट बर्फाचं वाहतं पाणी करण्यात खर्च होते. शेवटचा खडा संपला की मगच पारा वर चढायला लागतो. पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात. शब्द नंतर येऊ द्या, आधी अडकलेला आकडा पुरे.

ती उष्णता किती? एक ग्रॅम बर्फाला ८० कॅलरी, म्हणजे मघाचेच ३३४ ज्यूल. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी ० पासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. हे जोसेफ ब्लॅक नावाच्या शास्त्रज्ञाने ग्लासगोला १७६१च्या सुमारास शोधलं, आणि त्याची युक्ती तुमच्या ओट्यावर होण्यासारखी आहे. त्याने दोन सारखी भांडी घेतली, एकात बर्फ, दुसऱ्यात बर्फाइतकंच थंड पाणी, आणि दोन्ही एकाच खोलीत ठेवून दिली. पाणी अर्ध्या तासात जिथवर तापलं, तिथवर यायला बर्फाच्या भांड्याला साडेदहा तास लागले. ती खोली स्कॉटलंडच्या थंडीतली होती. तुमच्याकडे पंख्याखाली हे पुष्कळ लवकर आटोपेल. एका ग्लासात १०० ग्रॅम बर्फ ठेचून, दुसऱ्यात बर्फाच्या पाण्यातून गाळून घेतलेलं १०० ग्रॅम पाणी. दर पाच मिनिटांनी दोन्ही ढवळून तापमान लिहायचं आणि आलेख काढायचा. एक रेघ लगेच चढत जाईल, दुसरी बराच वेळ आडवी पडून राहील. रविवारची दुपार त्यासाठी राखून ठेवा.

तुमचा आकडा ० ऐवजी २ का आला, तर बहुधा ढवळलं नव्हतं म्हणून. पाणी ४ अंशांच्या आसपास सर्वात जड असतं, ते खाली बसतं, आणि बर्फ वर तरंगत राहतो. तळाशी टेकवलेला थर्मामीटर त्या खालच्या पाण्याचं तापमान सांगतो. बर्फ ठेचून घ्या, पाणी थोडं ठेवा, सतत ढवळा. तरीही अर्धा-एक अंश फरक पडला तर तो थर्मामीटरचा स्वतःचा असेल, तसं वहीत लिहावं. ताप मोजायचा थर्मामीटर मात्र वापरू नका, तो ३५ अंशांच्या खाली काही दाखवत नाही.

शक्य असेल तर एकदा मुलीला सकाळी मासळीबाजारात घेऊन जा. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून येते, ती फोडून तिचा चुरा मासळीच्या थरांमध्ये भरतात. पाटीखालून पाणी सारखं ठिबकत असतं. मुलं म्हणतात, बर्फ वाया चालला. पण तो वितळतोय म्हणूनच मासळी टिकते आहे! आत बर्फ शिल्लक आहे तोवर पाटीतलं तापमान शून्याच्या आसपासच राहतं. वीज नाही, बटण नाही, आणि तरी शेकडो किलो मासळी एकाच तापमानाला. कोळणींना हे पिढ्यान्‌पिढ्या हाताने माहीत आहे. लादी अखंड असली तर ती हळू वितळते आणि चुरा केला तर लवकर, हेही तिथेच दिसेल. लादी कशात गुंडाळतात आणि का, हे तिने एखाद्या मावशींना विचारावं. गिऱ्हाईक नसलं तर त्या हौसेने सांगतात. तो बर्फ तोंडात मात्र घालू देऊ नका.

कशात गुंडाळतात या प्रश्नाला मुंबईचा जुना संबंध आहे. इथे बर्फाचे कारखाने नव्हते तेव्हा बर्फ अमेरिकेहून जहाजाने यायचा, तिथल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला. १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला पहिलं जहाज आलं. सुमारे १८० टन निघालेल्यापैकी चार महिन्यांच्या प्रवासानंतर, विषुववृत्त दोनदा ओलांडून, १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी फोर्टात बर्फघर उभं राहिलं. एवढा बर्फ टिकला तो लाकडाच्या भुशामुळे, आणि वितळायला ग्रॅममागे ८० कॅलरी लागतात म्हणून. थोड्या उष्णतेत वितळणारी वस्तू असती तर जहाजात नुसतं पाणी उरलं असतं.

आता बदलणाऱ्या गुणधर्मांकडे. बाईंनी विचारलंय म्हणून तक्ता भरायचाच आहे, पण त्याआधी एक खडा तिच्या तळहातावर ठेवा आणि काय काय दिसतं ते तिच्याच शब्दांत बोलू द्या. ट्रेमधला खडा कडेने काचेसारखा आणि मधोमध दुधाळ असतो. तो दुधाळपणा म्हणजे गोठताना अडकलेल्या हवेचे बारीक बुडबुडे. वितळताना ते सुटतात आणि दुधाळपणा जातो. कोपरे आधी गोल होतात. खडा स्टीलच्या वाडग्यात टाकला तर टणत्कार होतो, पाणी ओतलं तर नाही. बोटाने दाबला तर दबत नाही, आणि पाण्यात बोट सहज जातं. खड्याला स्वतःचा आकार आहे, पाणी वाडग्याचा घेतं. हे सगळं झाल्यावर कडकपणा, प्रवाहीपणा, आकार, पारदर्शकता हे रकाने आपोआप भरतात.

आकारमानावर मात्र जरा थांबा. बर्फ वितळला की कमी जागा घेतो, साधारण आठ-नऊ टक्के कमी. म्हणूनच बर्फ तरंगतो, आणि म्हणूनच काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये फुटते. ग्लासात बर्फ तरंगत असताना पाणी अगदी काठापर्यंत भरा आणि मुलीला विचारा, वितळल्यावर सांडेल का? तिचं उत्तर आधी लिहून घ्या. सांडणार नाही. तरंगणाऱ्या बर्फाने पाण्यात जेवढी जागा अडवली होती, बरोबर तेवढंच पाणी त्याचं होतं.

पण यावरून ती म्हणेल की सगळे पदार्थ वितळले की आक्रसतात, आणि तिथे तिची वाट चुकेल. पाणी वेगळ्या वाटेने जातं. बहुतेक पदार्थ वितळल्यावर जास्त जागा घेतात. पुरावा तुमच्या फडताळात आहे. रवाळ तुपाच्या बरणीत रवा खाली बसलेला असतो आणि पातळ तूप वर. घट्ट तूप पातळ तुपात बुडतं, बर्फासारखं तरंगत नाही. खोबरेल तेलानेही हे करता येईल. ते २४ अंशांच्या सुमारास वितळतं, म्हणून मुंबईत जानेवारीतल्या एखाद्या थंड सकाळी बाटलीतलं तेल थिजतं. एरवी चमचाभर तेल फ्रीजमध्ये थिजवा आणि त्याचा तुकडा पातळ तेलात सोडा. तो तळाला जाईल. बर्फाचा ग्लास आणि तेलाची वाटी शेजारी शेजारी ठेवून तिला फक्त बघू द्या, काही बोलू नका.

बर्फाचं असं का होतं, ते ती विचारेलच. कवायतीला मुलं हातभर अंतर ठेवून रांगेत उभी असतात तेव्हा मैदान भरून जातं. ‘विश्राम’ म्हटल्यावर तीच मुलं घोळक्याने फिरायला लागली की कमी जागेत मावतात. बर्फात पाण्याचे कण एकमेकांना ठरावीक अंतरावर धरून रांगेत असतात, वितळताना ही रांग मोडते. कणांची संख्या तीच, म्हणून वस्तुमान तेच. एक काळजी घ्या, कण स्वतः वितळून मऊ होतात असं तिला वाटू देऊ नका. कण जसा होता तसाच राहतो, बदलते ती त्यांची मांडणी.

साखर तुमच्या पत्रात नव्हती, पण तक्त्यात ती हमखास येते, म्हणून एवढंच. चहात साखर दिसेनाशी होते ती पाण्यात मिसळते म्हणून, तिथे पाणी लागतं. वितळायला दुसरा पदार्थ लागत नाही, उष्णता पुरते. आणि साखर नुसती कढईत तापवली तर ती लाल होते, वास बदलतो, थंड झाल्यावर पुन्हा पहिली साखर होत नाही. तिथे पदार्थच बदलू लागलेला असतो. तक्त्यासाठी मेण घ्या, तूप घ्या, साखर नको. मेण तुम्ही स्वतः गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवा, थेट गॅसवर नको, आणि मुलीला हातभर लांब बसवा.

तुमच्या यजमानांना वेळेची काळजी आहे, ती मी समजू शकते. सहावीच्या वर्षी मुंबईत घरोघरी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी चाललेली असते, त्यात शाळेचा अभ्यास. पण त्याच स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक असतं, आणि तिथे पाठ केलेलं वाक्य उपयोगी पडत नाही. वजन का वाढलं हे ज्या मुलीने नॅपकिन मोजून शोधलं, तिला तिथे घाबरायचं कारण नाही. त्यांनाही एका रविवारी काट्यापाशी बसवा. आकडे वाचून सांगायचं काम त्यांच्याकडे द्या. खात्रीने सांगते, ते मध्येच उठणार नाहीत.

वहीत तिने असं लिहावं. पहिल्यांदा उघड्या वाडग्यात २८२, नंतर २८८. मग तिला काय वाटलं, ‘काटा बिघडला’ हेसुद्धा. मग बिटाच्या बर्फाचं फडकं, ते वाळवून वहीत चिकटवलं तर फारच छान. मग झाकणाच्या डब्याचे आकडे आणि नॅपकिनचं वजन. शेवटी पुस्तकातलं वाक्य, आणि त्याखाली तिने स्वतः घातलेली अट, की डबा बंद असावा आणि बाहेरून पुसलेला असावा. बाईंनी पहिला आकडा बघून लाल खूण केली, तर तुम्ही शाळेत जाऊ नका. मुलीलाच वही घेऊन जाऊ द्या आणि नॅपकिनचं सांगू द्या. पाच मिनिटं ऐकून घेतलं, तर पुढच्या वर्षी त्या हाच प्रयोग सगळ्या वर्गाला करायला लावतील असं मला वाटतं.